तांड्यावरचा नऊ दिवसांचा पाऊस

धाकट्या बहिणीनं फोनवर दोनदा विचारलं, "यवतमाळला? आणि कशाला गं?" साताऱ्याच्या माणसाला विदर्भ म्हटलं की ऊन आणि संत्री एवढंच आठवतं. मी म्हटलं, पाऊस बघायला. ती म्हणाली, डिसेंबरात? मी फोन ठेवून दिला. तिला समजावत बसले असते तर माझी गाडी चुकली असती.

खरं तर मी खोटं बोलले नव्हते. बत्तीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही पाच जणांनी पुण्यात एका छोट्या निधीचं काम अंगावर घेतलं. संशोधक आणि शाळेतली मुलं मिळून जिथं खरंखुरं काम करतात, तिथं आम्ही पैसे देतो. नुसती भाषणं आणि प्रदर्शनं असली तर देत नाही. त्यातलाच एक प्रकल्प दारव्ह्याच्या आसपासच्या बावीस शाळांचा. प्रत्येक शाळेला प्लॅस्टिकचं एकेक पर्जन्यमापक दिलं. मुलं रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजतात आणि तो आकडा नागपूरला डॉ. केदारकडं जातो. एका शिवारात धो धो आणि दोन कोसांवर नुसती धूळ, असा या भागातला पाऊस. तो नेमका कसा पडतो हे तालुक्याच्या एका मापकावरून कळत नाही, म्हणून ही सगळी खटपट.

तर भादव्यात केदारचं पत्र आलं. एका तांड्याजवळच्या शाळेनं श्रावणात लागोपाठ नऊ दिवस रोज सहा-सात मिलिमीटर पाऊस लिहिला होता. त्याच नऊ दिवसांत बाकीच्या एकवीस शाळांनी शून्य लिहिलं होतं, कारण तेव्हा पावसानं दडी मारली होती आणि सोयाबीन माना टाकत होतं. आकडे बनावट दिसतात, ही शाळा प्रकल्पातून वगळावी, असं केदारनं लिहिलं होतं. त्यानं त्याची प्रत शाळेलाही पाठवली होती. निर्णय आमच्या डिसेंबरातल्या बैठकीत व्हायचा होता. आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर म्हणाले, एक शाळा खोटं लिहिते तर बाकीच्यांवर तरी विश्वास का ठेवायचा, सगळाच प्रकल्प बंद करू. बावीस शाळांची पोरं, आणि हे एका दमात बंद करू म्हणाले!

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. खोटे आकडे मी आयुष्यभर बघितलेत. प्रॅक्टिकलच्या जर्नलात मुलं आधी उत्तर लिहितात आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं मागून घालतात. पण खोटं लिहिणारा नेहमी शेजाऱ्यासारखं लिहितो. पकडलं जाऊ नये म्हणूनच तर तो खोटं लिहितो. सगळं गाव कोरडं असताना एकट्यानं पाऊस लिहायचा, तोही नऊ दिवस, हे कुठलं पोरगं करेल? बैठकीआधीच मी आमच्यातल्या सगळ्यांना म्हटलं, वगळायच्या आधी कुणीतरी जाऊन बघून या. सगळे माझ्याकडं बघायला लागले. निर्णयाची बैठक येत्या शनिवारी होती. मंगळवारी मी दारव्ह्यात उतरले.

दारव्हा, मंगळवार संध्याकाळ

यवतमाळहून येताना एसटीच्या खिडकीतून कापूस दिसत होता. बोंडं फुटून रानं पांढरी झालेली, मध्येच तुरीचे हिरवे पट्टे, शेंगांनी वाकलेले. आमच्याकडं डोंगर आडवा येऊन नजर थांबत नाही अशी जागाच नाही. इथं नजर टाकावी तेवढी लांब जाते, आणि शेवटी एखादं बाभळीचं झाड दिसतं. मला पहिला तासभर चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग आवडायला लागलं.

केदार स्टँडवर न्यायला आला होता. तिशीतला, काटकुळा, डोक्यावर टोपी, पाठीवर लॅपटॉपचं ओझं. पत्र वाचून मी त्याच्यावर आधीच खार खाऊन होते, पण पोरगा सज्जन निघाला, त्यामुळं पंचाईतच झाली. खानावळीत त्यानं लॅपटॉप उघडून मला ते आकडे दाखवले. म्हणाला, "मॅडम, मलाही वाईट वाटतं. पण हे आकडे ठेवले तर माझं सगळं काम संशयात येतं."

जेवायला ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी होती, वर बोटभर तर्री. मी ऐटीत सांगितलं की आम्ही साताऱ्याची माणसं, तिखटाला घाबरत नाही. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाढणाऱ्या बाईंनी गुळाचा खडा ताटात ठेवला. केदार खाली मान घालून हसत होता, ते मी बघितलं.

तांडा, बुधवार

सकाळी केदारबरोबर काळी-पिवळी जीप धरली. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी तीन माणसं असतानाही मला जागा झाली. बसायला होतं ढेपेचं पोतं. सरकीची ढेप, गुरांना घालतात ती. तासाभरानं उतरले तेव्हा माझ्या साडीला तिचा असा काही वास लागला होता की शाळेच्या अंगणात पाऊल टाकल्याबरोबर दोन शेळ्या धावत आल्या. त्यातल्या एकीनं माझा पदर तोंडात धरला आणि सोडेचना. मुलं हसू दाबत उभी. शेवटी एका मुलीनं येऊन शेळीचा जबडा दोन बोटांनी उघडला, पदर मोकळा केला आणि निघून गेली. दोन वेण्या, लाल रिबिनी, कपाळाला आठी.

शाळा आठवीपर्यंतची. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला बंजाऱ्यांचा तांडा, मध्ये ही शाळा. गावंडे सर विज्ञान शिकवतात. ते रोज दारव्ह्याहून मोटारसायकलवर येतात. त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुसली आणि मग अलमारी उघडून पर्जन्यमापक बाहेर काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. भादव्यात पत्र आल्यापासून ते कुलपातच होतं. सर म्हणाले, "लाजच वाटली जी मॅडम. मी पोराइले लय बोललो. म्हटलं, शाळेचं नाव घालवलं तुम्ही."

मी विचारलं, मापन कोण करायचं? सरांनी वर्गाकडं बघितलं आणि वर्गानं शेवटच्या बाकाकडं. ती शेळीवालीच मुलगी. पूनम. आठवीत, तांड्यावरची. जून महिन्यापासून रोज साडेआठला मापकाजवळ हजर असायची, रविवारी आणि सुटीच्या दिवशीसुद्धा. एकही दिवस चुकवला नव्हता, असं सरांनीच सांगितलं. पत्र आल्यावर वर्गातली मुलं तिला खोटारडी म्हणायला लागली. सरांनी हे मला दबक्या आवाजात सांगितलं. तिनंही ते ऐकलं, कारण वर्गात चिमणीचा आवाज यावा इतकी शांतता होती.

मी तिच्या बाकाजवळ गेले. म्हटलं, पोरी, मी तुला रागवायला आलेली नाही. श्रावणात काय झालं ते सांग. ती बाकावरची रेघ नखानं कोरत राहिली. केदारनंही विचारलं. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती रडणाऱ्यातली नव्हती. ती सरांकडं बघून म्हणाली, "माझी वही अलमारीत आहे."

वही निघाली. शंभर पानी, कव्हरावर बैलजोडीचं चित्र. मी पानं उलटली. तारीख, वेळ, आकडा. अक्षर सुबक, कुठं खाडाखोड नाही. आणि श्रावणातल्या त्या नऊ दिवसांसमोर, प्रत्येक आकड्याच्या शेजारी, समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: तीजेन पाणी.

सरांना विचारलं तर ते म्हणाले, तिनं सणाचं नाव लिहिलं असेल म्हणून मी सोडून दिलं. मोबाईलवरच्या फॉर्मात फक्त आकडा भरायला जागा होती. तेवढा भरून मोकळे झाले. मी पूनमला विचारलं, याचा अर्थ काय? ती तिच्या बोलीतलं मराठीत करून म्हणाली, "तीजले पाणी टाकलं."

आता ज्यांनी तीज बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, मीही नव्हती बघितली. श्रावणात तांड्यातल्या बिनलग्नाच्या मुली टोपल्यांत माती घालून गहू पेरतात. त्या टोपल्या तांड्याच्या नायकाच्या अंगणात उंचावर ठेवतात. रोज संध्याकाळी मुली विहिरीवरून पाणी आणतात, गाणी म्हणत टोपल्यांना पाणी देतात. नऊ दिवसांत गव्हाचे पिवळेजर्द कोंब वीतभर होतात, मग सगळा तांडा मिळून त्यांची बोळवण करतो. आमच्याकडं नवरात्रात घट बसतात तसंच काहीसं, फक्त इथं राज्य सगळं पोरींचं.

पण तीज आणि पर्जन्यमापकाचा काय संबंध? तेही हळूहळू निघालं. मापक आधी शाळेच्या अंगणात होतं. आषाढात शेळ्यांनी ते दोनदा आडवं केलं. (माझा पदर साक्षीला होताच.) तेव्हा पूनमनं डोकं लढवून ते नायकाच्या अंगणातल्या उंच ओट्यावर नेऊन ठेवलं. वर मोकळं आभाळ, खाली शेळ्या पोचत नाहीत. जागा अगदी नियमात बसणारी. श्रावण आला आणि तीजेच्या टोपल्या त्याच ओट्यावर आल्या. मापक त्यांच्या रांगेत सापडलं. नायकाच्या आईनं, जिला सगळा तांडा याडी म्हणजे आई म्हणतो, तिनं सांगितलं की तीजेच्या ओळीत जे बसलं त्याला तहानलेलं ठेवता येत नाही. पूनम म्हणे दोन दिवस भांडली. यात पाणी टाकलं तर माप चुकते म्हणाली. याडीनं ऐकलं नाही. मापक हलवायचं तर तेही नाही. एकदा ओळीत बसलं की बोळवणीपर्यंत उठायचं नाही. मग रोज संध्याकाळी पूनम आपल्या टोपलीला पाणी द्यायची आणि एक ओंजळ मापकात. आणि सकाळी साडेआठला जे दिसायचं ते लिहायची.

"अगं, पण लिहायचंच कशाला?" केदार म्हणाला. "तुला माहीत होतं ना तो पाऊस नाही?"

"तुमीच त सांगतलं होतं," ती म्हणाली. "जे दिसते तेच लिहा, आपल्या मनचं काही टाकू नका. मी शून्य लिहिलं असतं त ते मनचं झालं असतं. म्हणून बाजूले लिहिलं."

मी विचारलं, मग इतके महिने बोलली का नाहीस? ती पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "मले कोणी इचारलंच नाही."

गावंडे सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मला स्वतःला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. इतकी शिकली-सवरलेली माणसं आम्ही. पत्रं लिहिली, बैठका घेतल्या, उपग्रहाचे नकाशे बघितले. त्या पोरीला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पण केदारचं समाधान झालं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात येऊन तो मला म्हणाला, मॅडम, पेन्सिलीचं लिखाण मागाहूनही करता येतं. मला असा संताप आला! तोंडावर आलं होतं, की तुझ्या शोधनिबंधापायी पोरीचा बळी घेतोस का. पण मी गिळलं, कारण शास्त्राच्या बाजूनं त्याचं बरोबर होतं. मीच वर्गात शिकवायचे, पटतं म्हणून मानू नका, करून बघा. म्हटलं, ठीक आहे, करून बघू. आज, आत्ता. मापक उचला.

आम्ही तांड्यावर गेलो. पुढं पूनम, मागं सगळा वर्ग, मध्ये मापक हातात धरून सर. याडी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. घेरदार फेटिया म्हणजे घागरा, वर आरशांची चोळी, तिला कांचळी म्हणतात, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आमचं काम ऐकून तिनं मान हलवली. ती म्हणाली, "तीज काही खेळ नाही, बाई. तिच्या दिवसालेच येते ते."

मी तिला सांगितलं की टोपल्या नकोत, गाणी नकोत, सण मोडायचा नाही. फक्त पूनमनं त्याच जागी त्याच मापकात एक ओंजळ पाणी टाकायचं. हे झालं नाही तर पोरीच्या नावावरचा डाग तसाच राहील. याडीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. पूनमवर आलेला आळ तिच्या कानावर कुणी घातलाच नव्हता. तिनं आपल्या बोलीत पूनमला काहीतरी विचारलं, पूनमनं खाली बघून उत्तर दिलं. मग याडी उठली, घरात गेली आणि पितळी कळशी घेऊन आली. म्हणाली, पाणी द्यायला कुठला मुहूर्त लागत नाही. पण आधी जेवा.

तिथं नाही म्हणायची सोय नव्हती. जेवायला बाटी आहे म्हटल्यावर मला तुपात बुडवलेले गोळे डोळ्यांसमोर आले. आली ती आपली ज्वारीची भाकरी. त्यांच्या बोलीत भाकरीलाच बाटी म्हणतात. बरोबर ओल्या तुरीच्या दाण्यांचं कालवण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. साताऱ्याच्या ऐटीबद्दल मी यावेळी अवाक्षर काढलं नाही. इतकं चविष्ट कालवण मी कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

चार वाजता सुरुवात केली. केदारनं नियम घातले आणि ते चोख होते. पूनमनं पाणी टाकायचं आणि पाठ फिरवून उभं राहायचं. आकडा केदार एकटा वाचेल, कागदावर लिहील, कुणाला दाखवणार नाही. मग मापक रिकामं करून, पुसून परत ठेवायचं. असं नऊ वेळा. सगळा तांडा गोळा झाला होता. कापूस वेचून आलेल्या बाया डोक्यावरची गाठोडी न उतरवताच उभ्या राहिल्या.

पूनमनं कळशी तिरकी करून ओंजळ भरली, मापकावर नेली, सोडली, पाठ फिरवली. पुन्हा तेच. चौथ्या वेळेला ती ओंजळ भरता भरता थांबली. याडीनं आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं, हळूच. पोरीनं हात परकराला पुसले आणि पुढची ओंजळ भरली. मी ओट्याला टेकून उभी राहिले. हे आकडे जर तीन, आठ, बारा असे कसेही आले असते तर? तर शनिवारी माझ्याकडं बोलायला काही उरलं नसतं, आणि ही मुलगी जन्मभरासाठी खोटारडी ठरली असती.

नववी ओंजळ झाली. केदार कागद हातात धरून लॅपटॉपसमोर बसला. श्रावणातले नऊ आकडे एका बाजूला, आजचे नऊ दुसऱ्या बाजूला. त्यानं ओळीओळीनं बोट फिरवलं. मग उठून माझ्याकडं आला आणि म्हणाला, मॅडम, आता तुम्ही टाका. मी माझी ओंजळ टाकली. दहाच्या वर गेली. त्यानं स्वतःची टाकली; चौदा. गावंडे सरांची त्याहून जास्त. वर्गातल्या दोन मुलींच्या ओंजळी घेतल्या. एकीची पाच, दुसरीची जेमतेम साडेचार. मग त्यानं पुन्हा पूनमला बोलावलं. सहा पूर्णांक सात. श्रावणातल्या नऊ आणि आजच्या दहा आकड्यांत सहाच्या खाली किंवा सातच्या वर एकही नव्हता. आम्ही ज्याला बनावट पाऊस म्हणत होतो ते या पोरीच्या दोन हातांचं माप होतं.

केदारनं टोपी काढली. "पूनम, माझं चुकलं," तो म्हणाला.

बाया आपसांत बोलायला लागल्या, कुणीतरी हसलं, मुलांनी गलका केला. पूनमच्या कपाळाची आठी मात्र तशीच होती. तिनं विचारलं, "मंग त्या चिठ्ठीचं काय?"

शाळा, गुरुवार

खरं म्हणजे बुधवारी संध्याकाळीच परतायचं होतं. पण चिठ्ठीचा प्रश्न रास्त होता. आळ पत्रानं शाळेत आला होता, तो तांड्यावर नुसता तोंडी मागं घेऊन भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर केदारनं नवं पत्र सगळ्या शाळेसमोर वाचलं. पूनमची निरीक्षणं बरोबर होती, आणि न विचारता आळ घेतला ही माझी चूक, असं त्यानं सरळ लिहिलं होतं. सरांनी जुनं पत्र फायलीतून काढलं आणि नवं त्याच्यावर टाचलं. फाडू नका, असं पूनमच म्हणाली. दोन्ही असू द्या म्हणाली.

मला वाटलं, झालं. मी पिशवी उचलली. तेवढ्यात ती आली. तिच्या हातात सरांचा मोबाईल होता, त्यावर तो फॉर्म उघडलेला. तिनं विचारलं, "यात बाजूले लिहायले जागा काहून नाही? जागा असती त सरनं तेही टाकलं असतं."

केदारनं माझ्याकडं बघितलं. त्याला माहीत होतं. आता सांगायला हवं, आणि सांगताना अजूनही कान तापतात. केदारच्या पहिल्या फॉर्मात शेऱ्याचा रकाना होता. निधीच्या बैठकीत तो फॉर्म माझ्यासमोर आला तेव्हा मी लाल पेननं त्यावर काट मारली होती. पोरं काहीबाही लिहीत बसतील, नुसता आकडा पुरे, असं म्हणाले होते. बत्तीस वर्षं मुलांना शिकवून मी हे म्हणाले होते. केदारनं हे गेल्या दोन दिवसांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "पूनम, तो रकाना मी काढला."

मला वाटलं ती काहीतरी टोचून बोलेल; तिला हक्क होता. ती एवढंच म्हणाली, "मंग परत टाका."

शनिवारी बैठकीत मी साडीला अजून येणाऱ्या ढेपेच्या वासासकट बसले होते, मुद्दाम तीच साडी नेसून. बँकेतल्या गृहस्थांनी विचारलं की मग आता हे नऊ आकडे काढून टाकायचे ना? मी म्हटलं, पावसात धरू नका, पण नोंदीतून एकही काढायचा नाही. ज्या मुलीला चुकीचं वाटणारं निरीक्षणसुद्धा बदलायचा मोह होत नाही, तिच्या आकड्यांवर नाही तर कुणाच्या आकड्यांवर पैसे लावणार आहोत आपण? केदार नागपूरहून फोनवर होता. त्यानं पूनमच्या ओंजळीचे एकोणीस आकडे वाचून दाखवले. गृहस्थ हट्टी आहेत पण अप्रामाणिक नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले, दोनदा तपासले आणि हात वर केला. बावीसही शाळांना पुढच्या दोन वर्षांसाठी मंजुरी मिळाली. फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकाना परत आला. तो ठराव मीच मांडला आणि मागं तो कुणी काढला होता हेही इतिवृत्तात लिहायला लावलं.

जानेवारीत विदर्भात अवकाळी पाऊस झाल्याची बातमी आली. तूर उभी, कापूस झाडावर. वाचून जीव खालीवर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला केदारनं तांड्याच्या शाळेची नोंद मला पाठवली. मापक आता पुन्हा नायकाच्या ओट्यावर आहे; तीजेच्या दिवसांत ते कुठं ठेवायचं हे याडीशी बोलून पोरीच ठरवणार आहेत. नोंद अशी होती:

वेळ साडेआठ. अकरा पूर्णांक चार. शेरा: हा पाऊस आहे. माझे हात कोरडे होते.